सौदी अरेबियात पहिल्यांदा पर्यटक म्हणून जाताना

महाराष्ट्राला सौदी अरेबिया ठाऊक आहे तो दोन वाटांनी: एक हज-उमऱ्याची, म्हणजे मक्केच्या यात्रेची, आणि दुसरी नोकरीची. रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक घरांत जेद्द्याचा किंवा दम्मामचा पत्ता तोंडपाठ असलेले एखादे काका असतातच. मात्र दिवाळीच्या सुट्टीत कोणी सहज म्हणून तिकडे फिरायला गेले, असे ऐकू येऊ लागले ते अगदी अलीकडे, कारण सर्वसाधारण पर्यटकांसाठी त्या देशाने व्हिसा खुला केला तोच मुळी २७ सप्टेंबर २०१९ रोजी. त्याआधीच्या काही वर्षांत बरेच काही हलले होते. एप्रिल २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार काढून घेण्यात आला, एप्रिल २०१८ मध्ये तीन दशकांहून अधिक काळानंतर चित्रपटगृह उघडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा मिळाली.

याचा परिणाम असा की नवख्या प्रवाशाच्या कानावर दोन तऱ्हेचे सल्ले पडतात. वीस वर्षांपूर्वी तिथे नोकरी करून आलेली मंडळी सांगतात की बाईमाणसाला काळा बुरखा घालावाच लागतो आणि नवरा-बायकोने लग्नाचा दाखला सतत जवळ बाळगावा. पर्यटनाच्या जाहिराती पाहिल्या तर वाटते की आता तिथे काहीच वेगळे उरलेले नाही. दोन्ही ऐकीव माहिती निम्मी खरी आहे. जाणाऱ्याने खरे तर तीन गोष्टींची विभागणी मनात पक्की करून घ्यावी: कोणते नियम सैल झाले, कोणते पूर्वीइतकेच कडक आहेत आणि कोणते गावागणिक, मोहल्ल्यागणिक बदलतात. चूक होते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकारात. पण शिक्षा होते ती दुसऱ्या प्रकारात.

पहिली पायरी: महिना ठरवणे

मेच्या सुट्टीचा विचार सोडून द्यावा. उन्हाळ्यात रियाधचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जेद्द्यात आकडा थोडा कमी दिसला तरी तांबड्या समुद्राच्या दमटपणामुळे मुंबईचा ऑक्टोबर बरा वाटावा अशी स्थिती होते. नोव्हेंबर ते मार्चचा पूर्वार्ध हा खरा हंगाम. त्यातही वाळवंटाची थंडी कमी लेखू नये. वायव्येकडच्या अल-उला किंवा तबुककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते, आणि दुपारी सुती सदऱ्यात फिरलेल्या माणसाला सूर्य मावळल्यावर तासाभरात जाड जाकीट लागते. ज्यांना उन्हाळ्यातच सवड आहे त्यांनी नैर्ऋत्येकडील असीर प्रांताचा विचार करावा. तिथले अभा हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर असून तिथे धुके आणि पाऊस दोन्ही भेटतात.

महिना ठरवताना रमजान कधी येतो हे आधी पाहावे. चांद्र पंचांगामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सध्या तो नेमका चांगल्या हंगामात येत आहे: २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला सुरू झाला, २०२७ मध्ये त्याहूनही अलीकडे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल. रमजानात उजेडी सार्वजनिक ठिकाणी खाणे, पिणे, धूम्रपान करणे हा गुन्हा धरला जातो आणि त्याला बिगरमुस्लिमही अपवाद नाहीत. गाडीत बसून पाण्याचा घोट घेणेसुद्धा टाळावे. दिवसा बहुतेक उपाहारगृहे बंद असतात, कार्यालयांच्या वेळा बदलतात. उलट रात्री शहरे पहाटेच्या सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणापर्यंत, जागी असतात. पहिल्याच भेटीत हे सांभाळणे जड जाते, असे माझे मत आहे. ज्यांना त्या रात्रींचीच ओढ आहे त्यांनी मात्र जरूर जावे.

दुसरी पायरी: व्हिसा

२०१९ मध्ये ज्या ४९ देशांना घरबसल्या इलेक्ट्रॉनिक व्हिसा मिळू लागला त्यांत भारत नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. भारतीय पासपोर्टधारकापुढे साधारण तीन मार्ग असतात. ज्याच्या पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे आणि तो किमान एकदा वापरलेला आहे, त्याला ऑनलाइन अर्ज करता येतो. आखाती देशांत रहिवासी परवान्यावर राहणाऱ्यांनाही ती सोय आहे. दुबईत किंवा मस्कतमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा मार्ग सर्वांत सोपा पडतो. ज्यांच्याकडे यांपैकी काही नाही त्यांनी व्हिसा अर्ज केंद्रात जाऊन कागदपत्रे आणि बोटांचे ठसे द्यायचे असतात. तिसरा मार्ग म्हणजे सौदिया किंवा फ्लायनास या विमान कंपन्यांनी पुढे कुठेतरी जाताना मध्ये थांबण्यासाठी मिळणारा ९६ तासांचा व्हिसा. युरोपला जाता-येता जेद्दा पाहून घ्यायचे असेल तर तो पुरतो. अल-उलासाठी मात्र घाई होते.

अटी आणि शुल्क मधूनमधून बदलत असल्यामुळे तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी सौदी सरकारच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर आपला प्रकार तपासून घ्यावा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी, आणि अर्जातले नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे घालण्याची जी पद्धत आहे तिच्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो.

पर्यटक व्हिसावर कोणतेही काम करता येत नाही. मुस्लिम प्रवाशाला या व्हिसावर उमरा करता येतो. हज मात्र करता येत नाही, आणि हजच्या आधीच्या काही आठवड्यांपासून पर्यटक व्हिसाधारकांना मक्केत जाऊ दिले जात नाही. मक्का शहरात बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, हा न बदललेल्या नियमांपैकी एक. मदिनेचे तसे नाही. तिथे शहरात जाता येते, पण प्रेषितांच्या मशिदीभोवतीच्या हरम, म्हणजे पवित्र, हद्दीत बिगरमुस्लिमांनी जायचे नसते. रस्त्यावरच्या फलकांकडे लक्ष ठेवावे आणि हद्दीच्या अलीकडेच थांबावे. जेद्दा ते मदिना धावणारी हरमैन ही वेगवान रेल्वे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग घेते. तिच्या मार्गावर मक्का हेही स्थानक असल्याने तिकीट काढताना गाडीची दिशा नीट पाहावी.

तिसरी पायरी: बॅग भरणे, आणि खसखस

दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि अमली पदार्थ नेऊ नयेत हे कोणालाही ठाऊक असते. अमली पदार्थांच्या तस्करीला तिथे देहदंडापर्यंत शिक्षा आहे. मराठी घरातून निघणाऱ्या माणसाचा घात करू शकेल अशी वस्तू मात्र वेगळीच आहे, आणि ती स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याशेजारी असते. खसखस ही अफूच्या बोंडातली बी असल्यामुळे सौदी अरेबियात तिला बंदी आहे. नुसती पुडी नेली नाही म्हणजे झाले असे समजू नये. अनारशाच्या एका बाजूला ती चिकटलेली असते, करंजीच्या सारणात असते, घरच्या गोड्या मसाल्यात भाजून कुटलेली असते, काही ठिकाणी डिंकाच्या लाडवातही असते. निघायच्या आदल्या रात्री मी स्वतः अनारशांचा भरलेला डबा बॅगेतून काढून शेजाऱ्यांकडे दिला. सीमाशुल्क अधिकाऱ्याला अरबीतून अनारसा समजावून सांगण्यापेक्षा ते सोपे होते. फराळ न्यायचाच असेल तर चकली, शेव, शंकरपाळे न्यावेत. गुटखा, मावा, तंबाखूच्या पुड्या घरीच ठेवाव्यात.

औषधांच्या बाबतीत हीच काळजी दुप्पट करावी. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, झोपेच्या आणि चिंतेवरच्या अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आपल्याकडे सहज चालून जातात. तिथे त्या नियंत्रित औषधांत मोडतात. अशी औषधे चालू असतील तर सौदी अन्न व औषध प्राधिकरणाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून आधी परवानगी घ्यावी. साध्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्याही मूळ पाकिटात ठेवाव्यात आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत असावी. सुटी औषधे एका डबीत ओतून नेण्याची आपली सवय या प्रवासापुरती सोडावी.

देवाच्या बाबतीत विचारणा पुष्कळ होते. सार्वजनिक ठिकाणी इस्लामखेरीज अन्य धर्माची उपासना करण्यास तिथे परवानगी नाही आणि धर्मप्रसार हा गंभीर गुन्हा आहे. पाकिटातल्या छोट्या फोटोवरून किंवा गळ्यातल्या मंगळसूत्रावरून सहसा कोणी काही विचारत नाही. मूर्ती, पूजेचे साहित्य, वाटण्यासाठी पोथ्या-पुस्तके हे मात्र नेऊ नये. स्तोत्र म्हणायचे ते हॉटेलच्या खोलीत, हळू आवाजात म्हणावे.

उरलेले थोडक्यात. तिथला प्लग तीन चपट्या पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा असतो, त्यामुळे अडॅप्टर लागतो. घड्याळ अडीच तास मागे घ्यावे. रियाल हे तिथले चलन १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराने बांधलेले असल्यामुळे हिशेब करणे सोपे जाते. शहरांत कार्ड जवळपास सगळीकडे चालते. महामार्गावरच्या टपरीसाठी आणि बाजारासाठी सुटे पैसे ठेवावेत.

चौथी पायरी: कपडे

२०१९ मध्ये पर्यटक व्हिसाबरोबरच सार्वजनिक शिष्टाचाराची एक नियमावली लागू झाली. तिच्यात एकोणीस प्रकारचे उल्लंघन आणि त्यांचे दंड दिले आहेत. अश्लील वर्तन, तोकडे किंवा आक्षेपार्ह मजकूर छापलेले कपडे, कचरा टाकणे, थुंकणे, नमाजाच्या वेळी मोठ्याने संगीत लावणे, परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढणे अशी ती यादी आहे. आणि त्यात रांग मोडणे हाही दंडपात्र प्रकार आहे हे वाचून मला मनापासून बरे वाटले.

स्त्रियांसाठी अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, परदेशी पर्यटकाला सक्तीचा नाही आणि केस झाकण्याचीही सक्ती नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले, सैल, पारदर्शक नसलेले कपडे असावेत एवढी अपेक्षा आहे. आपला ओढणीसह पंजाबी ड्रेस त्या चौकटीत तंतोतंत बसतो आणि तिथल्या दक्षिण आशियाई स्त्रियांमुळे तो सर्वांच्या परिचयाचाही आहे. साडीत पोट-पाठ उघडी राहते, म्हणून ती नेसायचीच असेल तर लांब ब्लाउज आणि वरून शाल घ्यावी. मी म्हणेन की एक साधा अबाया तिथल्या बाजारातून पहिल्याच दिवशी विकत घ्यावा. मशिदीत जाताना तो लागतोच, शिवाय कसीम प्रांतातल्या बुरैदासारख्या जुन्या वळणाच्या शहरात किंवा रियाधच्या जुन्या बाजारात तो अंगावर असला की नजरा वळत नाहीत. जेद्द्याच्या समुद्रकिनाऱ्यावरचा रस्ता आणि कसीम प्रांतातला खजुराचा बाजार यांत कायदा एकच असतो, रिवाज नसतो.

पुरुषांना वाटते की नियम फक्त बायकांना आहेत. गुडघ्याच्या वरची अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे बनियन हे त्यांनाही चालत नाही, आणि सरकारी कार्यालयात व मशिदीत तर पूर्ण पँटच लागते. सौदी राष्ट्रध्वजावर कलमा, म्हणजे इस्लामचे श्रद्धावचन, लिहिलेला असल्याने तो छापलेल्या वस्तू जमिनीवर ठेवणे, अंगावर मिरवणे किंवा कचऱ्यात टाकणे टाळावे.

पाचवी पायरी: दिवसाचा ताल पकडणे

तिथला दिवस पाच नमाजांनी विभागलेला असतो, आणि पर्यटकाचे वेळापत्रक त्यांच्याभोवतीच बसवावे लागते. २०२१ पासून नमाजाच्या वेळी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा आहे. मोठ्या मॉलमध्ये आता फारसा खंड पडत नाही. छोट्या दुकानांत मात्र जुनी सवय टिकून आहे. अजान झाली की दुकानदार शटर गुडघ्यापर्यंत ओढतो, आतल्या गिऱ्हाइकाचे चटकन आटोपतो आणि वीस-तीस मिनिटांसाठी निघून जातो. सूर्यास्तानंतरच्या मगरिब आणि रात्रीच्या इशा या दोन नमाजांमध्ये सुमारे दीड तासच असतो, त्यामुळे संध्याकाळची खरेदी दोनदा तुटते. फोनवर नमाजाच्या वेळांचे ॲप ठेवणे बिगरमुस्लिमालाही तितकेच उपयोगाचे आहे.

सुट्टीचे दिवस शुक्रवार आणि शनिवार. शुक्रवारी सकाळी शहर झोपलेले असते. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजानंतर हळूहळू जाग येते आणि खरी वर्दळ संध्याकाळी सुरू होते. वस्तुसंग्रहालय शुक्रवारी सकाळी पाहण्याचा बेत करू नये.

फिरण्यासाठी शहरांत उबर आणि करीम या ॲपवरच्या टॅक्सी मिळतात. रियाधची मेट्रो १ डिसेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिचे सहा मार्ग मिळून १७६ किलोमीटर भरतात, आणि ती चालकाविना धावते. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा, उजव्या बाजूने चालवण्याची सवय होईपर्यंत शहरात गाडी घालू नये, आणि वेगाचे कॅमेरे जागोजागी असतात हे विसरू नये. अंतरे नकाशावर दिसतात त्याहून मोठी आहेत, कारण हा देश महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आहे.

सहावी पायरी: माणसांशी वागणे

विमानतळावरून बाहेर पडल्यापासून ज्यांच्याशी गाठ पडते ते टॅक्सीवाले, वाढपी, दुकानातले नोकर बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि फिलिपिन्स इथले असतात. हिंदी निर्वेधपणे चालते. अनोळखी माणसाला हाक मारण्यासाठी तिथे सर्रास ‘सदीक’ म्हणतात, म्हणजे मित्र. अरबीचे पाच-सहा शब्द आले तरी चेहरे उजळतात, आणि मराठी माणसाला काही शब्द आधीच येत असतात: जेवण झाल्यावर बिल मागायचे असेल तर ‘अल-हिसाब’ म्हणावे, कारण आपला हिशेब तिकडूनच आला, वकील, किल्ला, जिल्हा, तारीख यांचीही मुळे अरबीतच आहेत.

सौदी स्त्रीशी बोलताना पुरुषाने आपण होऊन हात पुढे करू नये. तिने केला तर हलकेच मिळवावा, नाहीतर उजवा हात छातीवर ठेवून मान लववावी. पर्यटक जोडप्याकडे हॉटेलात लग्नाचा पुरावा मागू नये असे धोरण २०१९ पासून आहे आणि एकट्या स्त्रीलाही खोली मिळते. पण विवाहबाह्य संबंध आणि समलिंगी संबंध कायद्याने गुन्हाच आहेत. हात धरून चालल्याने काही होत नाही, रस्त्यात आलिंगन-चुंबन टाळावे.

राजघराणे, शासन आणि धर्म यांवर टीका करू नये, तोंडीही नाही आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच नाही. घरी बसून लिहिलेली जुनी पोस्टसुद्धा अडचणीत आणू शकते. जाहिरातीत न दिसणारा आणि जराही सैल न झालेला नियम कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन. फोटोंचेही भान ठेवावे: स्त्रिया, कुटुंबे, लष्करी ठाणी, राजवाडे, सरकारी इमारती यांच्यावर कॅमेरा रोखू नये. ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नये.

कुणी कॉफीला बोलावले तर जरूर बसावे. गहवा ही आपल्या कॉफीसारखी काळी नसते. हलक्या भाजलेल्या बियांची, वेलदोडा घातलेली, पिवळसर, बिनसाखरेची असते आणि सोबत खजूर येतात. यजमान डाव्या हाताने दल्ला, म्हणजे लांब चोचीचे भांडे, धरतो आणि उजव्या हाताने बिनकानाचा छोटा फिंजान पुढे करतो. पेला उजव्या हातानेच घ्यावा. त्यात दोन-तीन घोटच असतात, आणि ती कंजुषी नव्हे. पेला काठोकाठ भरणे म्हणजे पाहुण्याला ‘आटपा आता’ असे सुचवणे. रिकामा झाला की तो पुन्हा भरतो, पुन्हा भरतो, आणि तोंडाने ‘नको’ म्हणून भागत नाही. पुरे झाले की फिंजान बोटांत धरून डावी-उजवीकडे दोनदा हलवावा. ही खूण माहीत नसलेला एक पाहुणा माझ्यासमोर सात पेले प्यायला, आणि यजमान बिचारे त्याला तहान लागली आहे असे समजून ओततच राहिले.

सातवी पायरी: शाकाहाऱ्याचे पोट

मांसाहाऱ्याला काही सांगण्याची गरज नाही. कब्सा आणि मंदी हे मांस-भाताचे पदार्थ समोर आले की त्याचे त्याला कळते. शाकाहाऱ्याने ‘अना नबाती’, म्हणजे मी शाकाहारी, हे दोन शब्द पाठ करावेत, पण त्यावर विसंबू नये. महामार्गावरच्या एका खानावळीत मी ‘बिदून लहम’, म्हणजे मांसाविना, भात मागितला. वाढप्याने प्रेमाने मान डोलावली, कब्शाच्या परातीतले तुकडे बाजूला सारले आणि त्याच भाताचा डोंगर माझ्यासमोर ठेवला. लवंगेचा आणि सुकवलेल्या लिंबाचा घमघमाट सुटला होता. भाताचे शीत न् शीत मात्र बकऱ्याच्या रश्श्यात शिजलेले होते. त्याची काही चूक नव्हती. तिथे भात असाच शिजतो, आणि ‘लहम’ म्हटल्यावर कोंबडी त्यात धरली जात नाही, तिला ‘दजाज’ म्हणतात. म्हणून ‘ला लहम, ला दजाज, ला मरक’ असे तिन्ही सांगावे. मरक म्हणजे रस्सा.

निर्धास्तपणे खाण्याजोगे पुष्कळ आहे. सकाळी फूल, म्हणजे शिजवून घोटलेला बाकला, आणि तंदुरातून निघालेला हातभर लांब तमीस पाव हा श्रमिकांचा नाश्ता स्वस्त आणि पोटभरीचा असतो. फलाफल, हम्मस, फत्तूश, वांग्याचे मुतब्बल सगळीकडे मिळते. भारतीय जेवणासाठी रियाधमध्ये बत्हा आणि जेद्द्यात शरफिया हे भाग गाठावेत. तिथे मल्याळी खानावळींत इडलीपासून सांबारापर्यंत सारे मिळते. जैन पथ्य पाळणाऱ्यांनी मात्र थेपले, खाकरे आणि विजेची छोटी किटली सोबत ठेवणेच बरे.

आठवी पायरी: काय पाहावे

पहिल्या भेटीसाठी आठ-नऊ दिवसांत जेद्दा, अल-उला आणि रियाध ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत. जेद्द्यातील अल-बलद हा जुना भाग २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. प्रवाळाच्या दगडांची घरे आणि त्यांवर पुढे आलेले, नक्षीदार लाकडी जाळीचे रोशन, म्हणजे सज्जे, पाहायचे असतील तर संध्याकाळी जावे. रियाधमध्ये १९०२ साली अब्दुलअजीज इब्न सऊद यांनी जिंकून घेतलेला मस्मक किल्ला आणि शहराबाहेर दिरिया येथील मातीच्या विटांची तुरैफ वसाहत पाहावी.

पण वेळ द्यावा तो अल-उलाला. तिथून जवळच हेग्रा आहे. नबातियन या प्राचीन लोकांचे हे नगर, ज्यांनी जॉर्डनमधले पेट्रा कोरले त्यांचेच. सौदी अरेबियातील पहिले जागतिक वारसास्थळ म्हणून २००८ मध्ये त्याची नोंद झाली. वालुकाश्मात कोरलेली १११ मोठी थडगी तिथे आहेत आणि त्यांपैकी ९४ नक्षीदार आहेत. तिकीट आधी काढावे लागते आणि ठरलेल्या फेरीनेच आत जाता येते. कस्र अल-फरीद हे एकट्या खडकात कोरलेले थडगे खालच्या अंगाला अर्धवट राहिले आहे. छिन्नीचे घाव तिथे उघडे दिसतात आणि काम वरून खाली कसे आले ते कळते. वेरूळचे कैलास पाहिलेल्या माणसाला ‘आधी कळस मग पाया’ कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बऱ्याच थडग्यांच्या दारांवर शिलालेख आहेत. थडगे कोणाचे, कोणाला त्यात पुरायचे, आणि ते विकणाऱ्यावर वा उघडणाऱ्यावर कोणत्या देवाचा शाप व किती दंड, हे त्यांत लिहिले आहे. आपल्याकडच्या शिलाहारकालीन गधेगाळांची, म्हणजे शापवचने कोरलेल्या शिळांची, आठवण होते. शाप देण्याची भाषा वेगळी, मालमत्तेची धास्ती तीच. कुराणात समूद लोकांच्या विनाशाची जी कथा येते ती या परिसराशी जोडली जाते, म्हणून धार्मिक वृत्तीचे काही सौदी तिथे जाणे आजही टाळतात. आपल्या गाडीचा चालक बाहेरच थांबतो म्हणाला तर त्याला आग्रह करू नये, थट्टा तर नकोच.

नववी पायरी: वाळवंटात शिरताना

वाळवंटात एकट्या गाडीने उतरू नये. रियाधपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ‘जगाचे टोक’ म्हणून प्रसिद्ध असलेला फिहरैनचा कडा आहे; शेवटचा रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा असून फोनला रेंज मिळेलच असे नाही. चारही चाकांना जोर असलेली गाडी, माहीतगार चालक, माणशी निदान पाच लिटर पाणी आणि अंधाराच्या आत परतण्याचा निश्चय एवढे असल्याशिवाय जाऊ नये. वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते, म्हणजे परतताना ती भरायला पंप लागतो, हे भाड्याची गाडी घेणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. गाडी बिघडली तर गाडीजवळच थांबावे. शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते. रात्री महामार्गावर उंट आडवे येतात, आणि दिव्याच्या झोतात आधी दिसतात ते त्यांचे पाय, धड वर अंधारातच असते.

कोरड्या वादीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, तंबू ठोकू नये. हिवाळ्यातला पाऊस कुठेतरी दूर डोंगरात पडतो आणि पाणी मिनिटांत खाली येते. नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द जेद्दा शहरात अशा पुराने शंभराहून अधिक माणसे दगावली.

अडचण आली तर

पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत खिशात, मूळ प्रत हॉटेलच्या तिजोरीत आणि एक प्रत घरच्यांकडे असावी. रियाध, मक्का, मदिना आणि पूर्व प्रांतात तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे. अन्यत्र पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९७. पर्यटकांसाठी ९३० ही वेगळी सेवा आहे, आणि एखादी गोष्ट चालते की नाही अशी शंका असेल तर तिथे आधी विचारून घेता येते. भारताचा दूतावास रियाधमध्ये आणि महावाणिज्य दूतावास जेद्द्यात आहे.

पोलिसाने थांबवले तर हुज्जत घालू नये, आवाज चढवू नये, ‘ओळख आहे’ असे सुचवू नये आणि नोटा तर चुकूनही पुढे करू नयेत. बहुतेक वेळा कारण फोटोचे असते. फोन पुढे करून तो फोटो त्यांच्या देखत खोडावा, मग खोडलेल्या फोटोंच्या कप्प्यातूनही काढून दाखवावा. ते दुसरे पाऊल मी विसरलो होतो; चौकीतल्या तरुण शिपायाने स्वतःच तो कप्पा उघडून दिला, फोटो गेल्याची खात्री करून घेतली आणि जाताना मुठीत चार खजूर ठेवले.